आसवाइतकं खारट

त्या पावसाळ्यात चोपड्याजवळ आत्याच्या गावी जुलाब-वांत्यांची साथ आली, तेव्हा मी जळगावच्या कॉलेजातून थैलीभर पत्रकं घेऊन तिथं पोचले. आईवडील चळवळीतले, त्यामुळे पत्रकांवरच मी वाढले होते. आमच्याकडे शाळेची भाकरीसुद्धा उरलेल्या पत्रकात बांधून मिळे. हे पत्रक मात्र मी स्वतः लिहिलं होतं. 'साथ देवीच्या कोपानं नव्हे, घाण पाण्यानं येते!' अशी सुरुवात. खाली मीठ-साखरेच्या पाण्याची कृती आणि शेवटी माझं लाडकं वाक्य: 'चव आसवाहून खारट नसावी.'

आत्याला सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून मीही. तिची दीड वर्षांची नात सकाळपासून गळून गेली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, सकाळपासून लघवीही नाही. पोरीचा बाप डॉक्टरांना आणायला गेला होता, पण मधल्या नाल्याला पूर होता. तिची आई, माझी वहिनी, तिला मांडीवर घेऊन रडत होती. अक्कानं पोरीचं पाणी बंद केलं होतं.

"पोट वाही ऱ्हायनं, त्यामा आखो पानी?"

"अक्का, गेलेलं पाणीच भरून काढायचंय. नाहीतर पोर हातची जाईल."

मी पत्रक वाचून दाखवलं, सभेत वाचावं तसं.

"इतली वरडू नको, पोर दचकस," अक्का म्हणाली आणि उठून चूल पेटवू लागली. सकाळीच मरीआईला दहीभात ठेवून आलेली ही बाई माझ्या शब्दावर पाणी उकळत होती. मला तिचा भारी अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.

पाणी निवलं. अक्कानं साखर घातली, चिमूटभर मीठ घातलं, चाखलं.

"फिक्कं शे."

आणखी चिमूट. "आते बी फिक्कंच."

तिसरी चिमूट पडली. वहिनीनं चमचा पोरीच्या ओठाशी नेला, तेव्हा सहज म्हणून मी भांड्यात बोट बुडवून चाखलं आणि तिचा हात धरला. नुसतं मिठवणी!

अक्का दिवसातून तीन-चारदा मिसरी लावायची. तंबाखूनं भाजलेली ती जीभ आसवाची चव काय ओळखणार? आणि वाक्य लिहिताना ते कुणाच्या जिभेसाठी लिहितेय, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. देवीशी भांडायला निघालेली मी मिसरीपाशी अडले होते.

अक्कानं भांडं अंगणात ओतलं. "तुना कागदमा मिसरीवालीनं नाव नही," तिनं टोमणा मारला. मग नवं पाणी केलं आणि चमचा वहिनीपुढे धरला. "रडी ऱ्हायनी ना तू? मंग तूच चाख. तुले आसूनी चव याद शे."

वहिनीनं रडता रडता चाखलं आणि मान हलवली. बरोबर.

दुपारभर चमच्या-चमच्यानं पाणी जात राहिलं. दिवस कलताना पोरीला मांडीवर घेतलेली अक्का एकदम ओरडली, "मूतनी! पोर मूतनी!" तिचं लुगडं भिजलं होतं आणि ती हसत होती.

मी पेन काढलं. उरलेल्या प्रत्येक पत्रकावर लिहिलं: 'चव मिसरी लावणाऱ्यानं घेऊ नये.' अक्कानं ते वाचायला लावलं, नीट ऐकलं, गठ्ठा काखेत मारला आणि ओल्या लुगड्यानिशीच शेजारच्या घरी निघाली.