पेटीन टाकलाय

पत्रक लिहायला ज्यांनी मला शिकवलं ते म्हणायचे, पहिल्याच ओळीत सांगून टाक कुणी कुणाचं काय लुबाडलं. वाचणारा बस पकडायच्या घाईत असतो. तर सांगते. एका कोकणी खानसाम्याने आपण मत दिल्याचं सांगितलं, आणि ऐकणाऱ्या अमेरिकन मंडळींनी त्याचा विनोद करून टाकला. पन्नासेक वर्षं तो विनोद एकमेकांना सांगून ते हसत राहिले. मी तो दुरुस्त करायला गेले तर मलाच विचारलं, तू कोण?

मी कोण? मिरजेत फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहिणारी, ती एसटी स्टँडवर वाटणारी आणि वाटता वाटता भांडणारी मुलगी. लग्न झालं आणि सौदीत अल-खोबरला तिसऱ्या मजल्यावर येऊन बसले. नवरा इंजिनियर. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, शिक्का: काम करायची परवानगी नाही. त्या वर्षी शहरात नगरपालिकेच्या निवडणुकीचे तंबू लागले होते. आत गालिचे, कॉफी, बाहेर उमेदवारांच्या नावांचे फलक. मत फक्त इथल्या पुरुषांना. मी गाडीच्या काचेतून त्या तंबूंकडे अशी बघायचे, की नवरा म्हणायचा, "बघू नकोस अशी. उतरशील आणि पत्रकं वाटशील."

मला मिळालं ते काम बिनपगारी होतं. तेलाच्या धंद्यात इथे उभी हयात घालवलेल्या म्हाताऱ्या अमेरिकनांची एक मंडळी होती. कंपाउंडमध्ये राहणाऱ्या एक अमेरिकन बाई त्यांच्या आठवणी टेप करून घेत आणि तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठाच्या दप्तरखान्यात पाठवत. विषय ठरलेला: त्या काळचं अमेरिकेतलं राजकारण आणि इथे वाळवंटात राहूनही त्यांनी ते कसं चालवलं. टेप ऐकून टाइप करायला त्यांना माणूस हवा होता. भारतीय बायकांच्या एका पार्टीत माझं नाव निघालं. घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून मी हो म्हटलं. बाईंचा नवरा माझ्या नवऱ्याच्या साहेबाचा साहेब होता, ही गोष्ट नवऱ्याने मला त्याच दिवशी सांगितली, आणि पुढे रोज सांगितली.

नियम सोपे. बोलणारा जे बोलेल ते अक्षरशः. बाकी सगळं चौकटी कंसात: [हशा], [खोकला], [फोन वाजतो]. शेवटच्या पानावर टाइप करणाऱ्याची सही, की मी ऐकलं तसंच उतरवलं. सहीशिवाय दप्तरखाना कागद घेत नसे. हा नियम मला फार आवडला. पत्रकाखाली प्रकाशकाचं नाव लागतं, तसंच हे.

खरं सांगायचं तर टेपा मला आवडायला लागल्या. म्हातारे कसले रंगून बोलत! कुणाच्या आईने पक्षाची पाकिटं चाटून चाटून जीभ सोलून घेतलेली. कुणी शेजाऱ्याच्या अंगणातली विरोधी पाटी उपटली म्हणून दोन घरांत बोलणं बंद. कुणी युनियनच्या सभेला गेला आणि मग कित्येक वर्षं नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारलं गेलं. हे सगळं मला मिरजेचंच वाटायचं. मी कानाला हेडफोन लावून स्वयंपाकघरात एकटी हसायचे.

मग तो म्हातारा आला. दक्षिणेकडच्या राज्यातला, आवाज मधासारखा. वडील मतदार नोंदणीच्या कचेरीत कारकून. म्हातारा सांगत होता, काळा माणूस नाव नोंदवायला आला की वडील त्याला राज्यघटनेचं एखादं कलम वाचायला देत आणि म्हणत, याचा अर्थ सांग. त्याने काहीही सांगितलं तरी अर्थ चुकायचाच. "माझे वडील सौम्य होते," म्हातारा म्हणाला, "कधी आवाज चढवला नाही." मी ते अक्षरशः उतरवलं. दात खात उतरवलं, पण उतरवलं.

त्यानंतर तो इथल्या दिवसांवर आला. त्यांनी तेल कंपनीच्या कॅम्पात आपल्या पक्षाचा क्लब काढला होता. निवडणुकीचे निकाल तिकडे रात्री लागायचे, म्हणजे इथे सकाळी. सगळे एका घरी नाश्त्याला जमत आणि रेडिओ ऐकत. बायकोने नव्या यंत्रावर ती सकाळ टेप केली होती. ते रीळ त्याने मंडळीला दिलं होतं. "त्यात आमचा कुक आहे," म्हातारा म्हणाला. "आम्ही राज्याराज्यांच्या आकड्यांवरून भांडत होतो. कुणीतरी गमतीने त्याला विचारलं, तू कुणाला मत दिलंस? तो काहीतरी अरबीत बडबडला आणि मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, पेटी, पेटी. आमचं राजकारण किती कोतं, किती क्षुद्र, हे त्या अडाण्याने एका शब्दात सांगितलं!"

इंग्रजीत पेटी म्हणजे क्षुद्र. बाईंना हा किस्सा इतका आवडला होता, की म्हाताऱ्यांच्या संमेलनासाठी छापायच्या पुस्तिकेचं नावच त्यांनी ‘पेटी’ ठरवलं होतं.

त्या जुन्या रिळाची कॅसेट मग माझ्याकडे आली. आधी कुणीतरी ती उतरवली होती: [नोकर अरबीत बोलतो. नंतर ‘पेटी, पेटी.’ हशा.] मला नुसती तपासून सही करायची होती. लावली. रेडिओची खरखर, बशा, बायकांचं हसणं. कुणीतरी विचारलं, "आणि तू, कुणाला मत दिलंस?" मग एक तरुण, घोगरा आवाज. अरबी कसली! मी हेडफोन काढले, पुन्हा घातले. माणूस मराठी बोलत होता.

सगळं काही समजलं नाही. कोकणी वळण, त्यात बशांचा आवाज. नवरा आल्या आल्या त्याच्या कानात हेडफोन कोंबले.

"मराठीच आहे की," तो म्हणाला. "पेटी म्हणतोय. आंब्याची पेटी असेल. साहेबांनी विचारलं, गावाहून काय आणलंस?"

"साहेबांनी विचारलं, मत कुणाला दिलंस."

"हार्मोनियम?"

"तू जेवायला बस."

गुरुवारी सुट्टी होती. त्याला गाडी काढायला लावली आणि दम्मामला गेले. तिथल्या बाजारात रत्नागिरीकडचे एक चाचा तांदूळ-मसाल्याचं दुकान चालवतात. आम्ही कोकम त्यांच्याकडूनच घेतो. दुपारच्या नमाजानंतर नुकतंच शटर वर गेलं होतं. वॉकमन गल्ल्यावर ठेवला.

"काय गो बाय, गाणी ऐकवतंस काय?"

"चाचा, हा काय म्हणतोय तेवढं सांगा."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. परत लाव म्हणाले. मग आणखी एकदा. मग हसू लागले, पण ते त्या टेपवरच्या लोकांसारखं हसणं नव्हतं.

"आमच्या खाडीकडचा हाय. ऐक. ‘मना नाव इचारलानी, बापाचा नाव इचारलानी, कागद दिलानी. मी माज्या हातान टाकलाय पेटीन. पेटीन.’"

"पेटीनं म्हणजे?"

"पेटीनं नाय गो! पेटीन. पेटीत. तुमी घरात म्हणता, आमी घरान म्हणतो. मतपेटी." चाचांनी गल्ल्यावर बोट आपटलं. "आमचे बाबा सांगायचे ना. पहिल्या इलेक्शनला दर उमेदवाराची पेटी वेगळी. वर चित्र. कागदावर काय करायचा नाय, सरळ आपल्या चित्राच्या पेटीन टाकायचा. हा टाकून आलाय, मग जहाजान बसलाय."

नवरा तांदळाच्या पोत्याला टेकून उभा होता. हार्मोनियमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

आता बघा. एकीकडे तो कारकून, आवाज न चढवता माणसाला राज्यघटनेचा अर्थ विचारणारा. दुसरीकडे हा: नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, कागद दिला. संपलं. तिसरा प्रश्नच नाही. आणि या दुसऱ्याचं बोलणं पहिल्याच्या मुलाने ऐकलं आणि अडाण्याची गंमत म्हणून आयुष्यभर सांगितलं. मला राग आला. मला राग लवकर येतो, पण हा लवकर आलेला नव्हता; हा पन्नास वर्षं वाट बघत असलेला होता.

मी त्याचं बोलणं देवनागरीत टाइप केलं, खाली इंग्रजीत अर्थ दिला, आणि कंसात लिहिलं: [मराठी. ‘पेटी’ म्हणजे मतपेटी.] चाचांनी उलगडून दिल्याचं कळवून बाईंकडे पाठवलं.

त्यांनी बोलावून घेतलं. केक होता. बाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल हिने सगळ्यांनाच झोडपलं.

"हे फार मनोरंजक आहे," त्या म्हणाल्या. "पण तू टेप बाहेर ऐकवलीस."

"ऐकवली. नाहीतर ते अरबीच राहिलं असतं."

"मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कळवलं होतं. ते लिहितात, तो पेटीच म्हणाला, इंग्रजीत. मी तिथे होतो."

"तिथे तर कुकही होता."

"पण या आठवणी त्यांच्या आहेत. तो या प्रकल्पाचा विषय नाही."

"मत कुणाला दिलंस असं त्याला विचारलंय. प्रश्न तुमच्या प्रकल्पात बसतो आणि उत्तर बसत नाही?"

त्यांनी केकचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "आपण असं करू. [नोकर त्याच्या भाषेत बोलतो] एवढंच ठेवू. अरबी काढून टाकू. चालेल?"

"नाही. सहीचं वाक्य आहे, ऐकलं तसंच उतरवलं. मी हे ऐकलंय."

"सही दुसऱ्या कुणाचीही घेता येईल."

"घ्या. मराठी येणारा शोधा आणि त्याला ही कॅसेट ऐकवून मग सही मागा. मी बाहेर थांबते."

त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली. मग विचारलं, "तुझ्या मिस्टरांचं काँट्रॅक्ट या महिन्यात नवं व्हायचंय ना?"

धमकी होती की चौकशी, मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "हो. ते त्यांच्या कामावर ठरू दे. हे माझ्या कामावर ठरू दे."

घरी येऊन हे सांगितलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "यल्ला, सामान बांधायला घे," म्हणाला. "एका मेलेल्या माणसासाठी तू माझा कफील, माझा इथला मालक, बदलायला लावणार."

"तो मेलाय हे कुणी सांगितलं?"

"अगं, पन्नास वर्षं—"

"माझी आजी अजून मतदानाला जाते. पालखीसारखी नेतो आम्ही तिला."

तो चिडला होता. जेवला नाही. पण थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "इंग्रजीतला अर्थ नीट लिहिलायस ना? ‘माज्या हातान’ राहिलंय बघ. तू नुसतं ‘मी टाकलं’ लिहिलंयस." खरंच राहिलं होतं. मी घातलं.

बाईंचा निरोप आला तो आठवडाभराने. पुस्तिका छापायला गेलीय, ती बदलणार नाही. तिच्यात किस्सा आहे तसाच राहील. मात्र दप्तरखान्यात जाणाऱ्या प्रतीत माझा मजकूर ठेवतील. सही करून जा. यापुढच्या टेपा त्या दुसरीकडे देणार होत्या.

म्हणजे संमेलनात ते पुन्हा हसणार होते. हसोत. सही करायला गेले तेव्हा मी ती पुस्तिका पाहिली. गुळगुळीत कागद, कव्हरवर उंट, आणि वर मोठ्या अक्षरात तो शब्द. बाईंनी जशी दिली तशी मी ती परत टेबलावर ठेवली.

मग त्यांनी दप्तरखान्याची प्रत समोर ठेवली. त्यांच्या प्रिंटरमधून नुकतीच निघालेली, गरम. मी ते पान काढलं. इंग्रजी प्रश्न होता: आणि तू, कुणाला मत दिलंस? त्याखाली माझं मराठी नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले होते. दोन ओळी भरून रिकामे, सारखे चौकोन, रांगेत उभे.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. "अर्थ तर इंग्रजीत आहेच खाली. पुरेल ना?"

"पेन द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिलं. मी खुर्ची ओढली, कागद सरळ केला, आणि एकेका चौकोनावर एकेक अक्षर लिहायला बसले. मना नाव इचारलानी. बापाचा नाव इचारलानी. घाई केली नाही. बाई उभ्या राहून बघत होत्या. माझं अक्षर मोठं; चौकोन कमी पडले तेव्हा ‘पेटीन’ मी समासात नेलं, आणि त्याच्या शेजारीच सही केली.