सत्तर कमी, सत्तर जास्त

आमचे हे, यशया, हवाई दलात सार्जंट. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यापुढं जी उंचीची, दिशेची घड्याळं असतात, ती नीट ठेवायची हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या पावसाळ्यात सरावासाठी तीन हेलिकॉप्टरं आमच्या भिंगारपलीकडच्या माळावर उतरली, त्यांच्याबरोबर हेही आले. म्हटलं, चला, चार दिवस घरचं जेवतील. कसलं काय!

त्या दिवशी कोणी बडे पाहुणे कवायत बघायला येणार होते, आणि ढग पार डोंगराला टेकलेले. ढगात शिरलं की शेजारचं हेलिकॉप्टर दिसत नाही. म्हणून नियम असा, की पुढच्यानं आपली उंची सोडायची नाही, मधल्यानं दोनशे फूट वर जायचं, मागच्यानं चारशे. सगळी भिस्त उंचीच्या काट्यावर. यांची रीत ठरलेली होती. उडायच्या आधी, तिन्ही एकाच जमिनीवर उभी असताना, तिन्ही काटे एकमेकांशी ताडून बघायचे. पुढचा काटा सत्तर फूट कमी दाखवत होता आणि मधला सत्तर जास्त.

यांचा साहेब म्हणाला, सत्तरची चूक नियमात बसते, उडायला हरकत नाही अशी सही कर. हे म्हणाले, एकेकट्याला बसते. दोन्ही मिळून उडाली तर पुढचं सत्तर फूट वर राहील, मधलं सत्तर खाली; दोनशेतले एकशेचाळीस गेले, उरले साठ. दुरुस्तीला दोन दिवस द्या. पण साहेबाला पाहुण्यांपुढं शोभा करून घ्यायची नव्हती. सही दुसऱ्याकडून घेतो म्हणाला. मग यांचं डोकंच फिरलं. पाना घेतला, मधल्याचं उंचीचं घड्याळ काढलं आणि टेबलावर खोलून ठेवलं.

बाकीची दोन उडाली, ढगात शिरली, सुखरूप परत आली. झालं! साहेब सांगत सुटला, बघा, काही झालं का? अरे मेल्या, मधलं जमिनीवर होतं म्हणून झालं नाही! कोणी मेलं नाही म्हणून माझा नवरा खोटा ठरला. हुकूम मोडला म्हणून बाहीवरच्या तीन फितींतली एक गेली.

ती फीत मीच शिवली होती, उसवलीही मीच. टाक्याटाक्याला संताप येत होता, साहेबाचा आणि यांचाही. जन्मात कधी नमतं घेतील तर शपथ.

"पुन्हा असंच झालं तर काय कराल?" मी विचारलं.

यांनी बाही हातात घेऊन बघितली.

"अजून दोन आहेत," म्हणाले.