सदऱ्याच्या पाण्याचा रंग

आनंदाला घाम यायचा तो हिरवा. बोईसरच्या एका रंगाच्या कंपनीत तो हिरव्या खात्यात भुकटी चाळायला होता, आणि ती भुकटी साबणाला भीक घालत नव्हती. घरी येऊन दगडाने अंग घासलं तरी सकाळी उशीवर हिरवट गोल उमटलेला. भिंतीला टेकला, की भिंतीवर अख्खी पाठ.

त्याची बायको सुगंधा बीडकडची. माहेरी पोतेऱ्याचा हात कधी सुकला नाही, अशा घरातली. दर दिवाळीला ती दोन्ही खोल्यांना पांढराशुभ्र चुना द्यायची, आणि संक्रांतीच्या आत ती पाठ चुन्यातून पुन्हा वर यायची.

"तिथं टेकू नगा."

"मग कुठं टेकू? वाऱ्याला?"

"पोत्यावर बसा जरा."

मग आनंदा पोतं घेऊन उंबऱ्यात बसायचा. तिथेच जेवायचा, पाठ ताठ ठेवून, भाकर मागायला आलेल्या माणसासारखा. लाइनीतले जाता-येता चिडवायचे, "काय आनंदाभाऊ, वैनींनी घराबाहेर काढलं वाटतं." तो हसायचा. एका दिवाळीच्या तोंडावर मात्र हसला नाही.

"नागोरावांना सांगतो," ताट सरकवत तो म्हणाला. नागोराव म्हणजे खात्याचा मुकादम, त्यांच्याच मुलखातला. "गोदामात टाका म्हणतो मला. पोती उचलीन, पर हे रंगाचं नगं आता."

सुगंधा कधीपासून हेच मागत होती, आणि भिंतीसाठी नव्हे. सकाळी उठल्या उठल्या त्याला खोकल्याची उबळ यायची, तेव्हा ती चुलीपुढे हात थांबवून ऐकत राहायची.

"उद्याच सांगा," ती म्हणाली.

पण त्याचं ते उंबऱ्यातलं बसणं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी चुना भिजत घातलेला, मोरीत त्याचा कामाचा सदरा भिजलेला. बादलीतलं पाणी केळीच्या कोवळ्या पानासारखं झालं होतं. तिने बादली उचलली आणि चुन्यात ओतली.

शेजारची लाडकी, चिंचणीची कोळीण, दारात उभी राहून बघत होती. "अगं बाय, नवऱ्याच्या सदऱ्याचं पानी भिंतीला?"

"त्यांचाच रंग हाय. डाग दिसायचाच न्हाई."

"आमच्याला पन धाडते मग हिरव्या खात्यात. माशाच्या वासाने भिंत काय रंगत नाय."

दोघी हसल्या. सुगंधाने दोन्ही खोल्या दिल्या, मोरी दिली, कोनाडे दिले. उरलेल्या पाण्यात जुन्या लुगड्याचा पडदा बुडवून दाराला लावला. संध्याकाळी आनंदा आला आणि पोतं शोधू लागला.

"बसा की."

"कुठं?"

"कुठं बी."

तो भिंतीशी बसला. आधी जरासा टेकला, मग सगळा भार टाकला, आणि डोळे मिटून म्हणाला, "गार वाटतंय गं."

त्या दिवशी तिचं गोदामाचं विचारायचं राहून गेलं. पुढे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब जागा न्हाई म्हणत्यात." होळीला विचारलं, जागा नव्हती. पुढच्या दिवाळीलाही नव्हती. सुगंधा सदऱ्याचं पाणी चुन्यात घालत राहिली. बायका घर बघायला यायच्या, डोळ्यांना बरं वाटतं म्हणायच्या. पोरगी झाली, याच भिंतींत मोठी झाली आणि लग्न होऊन गेली.

मग त्याला लघवीतून रक्त जाऊ लागलं. त्याने ते लपवलं. लुंगीवरचा डाग सुगंधाने धुवायला घेतला, तेव्हा कळलं. मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काम कुठलं ते विचारलं, किती वर्षं ते विचारलं, आणि मग आनंदाला बाहेर बसवून ते तिच्याशी बोलले.

परत आल्यावर तो आठवडाभर स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. तरी सुगंधा लाडकीला त्याच्याजवळ बसवून कंपनीच्या गेटावर गेली. नागोराव बाहेर आले.

"आता तरी गोदामात टाका त्यांना," ती म्हणाली. "इतकी वर्षं जागा नव्हती. आता तरी करा."

नागोरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"वैनी, जागा तर मी तवाच दिली होती. साहेबाशी भांडून दिली. आठ दिवसांत हाच परत आला. म्हणला, आपल्या खात्यातल्या झुंबरला द्या ती जागा, गोदामात ओव्हरटाइम न्हाई. मी म्हणलं, अरे, तुला घरात बसायची चोरी झालीय म्हणत होतास ना? तर म्हणला, आता तसं काय राहिलं न्हाई. बायकोनं अख्खं घरच माझ्या रंगाचं करून टाकलंय."

सुगंधाने गेटाचा गज धरला. आतून भोंगा झाला. सुट्टी झालेली माणसं येऊ लागली, पिवळी, निळी, हिरवी, तिला वळसा घालून.

"सोमवारपासून टाकतो गोदामात," नागोराव खाली बघत म्हणाले.

"टाका," ती म्हणाली.

घरी आनंदा उशी पाठीशी घेऊन भिंतीला टेकलेला होता. लाडकी उठून गेली.

"काय म्हणले?"

"सोमवारपासून गोदामात."

"बघ," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होता. "जागाच नव्हती गं. न्हाईतर मी कशाला राहिलो असतो तिथं?"

सुगंधा त्याच्याजवळ बसली. उशी घसरली होती, ती नीट केली.

"व्हय," ती म्हणाली. "नागोराव बी तेच म्हणले. जागा नव्हती."

त्याने डोकं मागे भिंतीला टेकवलं.

"सोमवारी लवकर उठव मग."

"उठवते."