बशीतला चहा

जपानमधल्या कोबे शहरातल्या एका इंग्रजी टी-रूममध्ये मी अधूनमधून जाते. तिथे बहुतेक सत्तरीपुढच्या बायका येतात. किटलीला लोकरीचं टोपडं असतं आणि शांतता इतकी, की चमचा कपाला लागून वाजला तरी लोक शेजारच्यांची माफी मागतात.

खिडकीजवळ बसणाऱ्या आजी हॅट घालून येत. प्रत्येक घोटानंतर रुमालानं ओठ टिपत. आमचं बोलणं कधी झालं नव्हतं.

एकदा ट्रेन गाठायच्या घाईत मी पुण्यातल्या सवयीनं चहा बशीत ओतला आणि फुरका मारला. सगळ्या माना वळल्या. मी ओशाळून बशी खाली ठेवली.

"थांबू नका," आजी म्हणाल्या. "माझे वडील बंदरावर एका भारतीय व्यापाऱ्याकडे कामाला होते. तिथे ते असा चहा प्यायला शिकले. चारचौघांत मला त्यांची लाज वाटायची."

मग त्यांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतला. थोडा पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला. वेट्रेस धावत आली. तिच्याकडे न बघता आजींनी दोन्ही हातांनी बशी उचलली आणि चांगला मोठा फुरका मारला.

माफी त्यांनी कुणाचीच मागितली नाही.