महांतप्पानं रांधलेलं अस्वल

येडशी स्टेशनातून रामलिंगाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर निजामाच्या राज्यात एक सरकारी डाक बंगला होता. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून नोकराची खोली. त्या खोलीत महांतप्पा बावीस वर्षं राहिला. गाव माकणी, तेरणेच्या काठचं. जात लिंगायत. गावी बायको नागम्मा, मुलगी शिवगंगा आणि थोरला भाऊ महालिंगप्पा कसत असलेली थोडी कोरडवाहू जमीन. श्रावणात आणि शिवरात्रीला तो गावी जाई. बाकीचे दिवस पाणी भरायचं, कंदिलाच्या काचा पुसायच्या, दौऱ्यावरच्या हिंदू अंमलदारांना वरण, भात आणि भाकरी करून घालायची. मुसलमान आणि गोरे पाहुणे आपापले खानसामे बरोबर आणत. त्यांच्यासाठी मागच्या अंगणात वेगळी चूल होती आणि तिच्याकडे महांतप्पा फिरकत नसे.

घरात कानडी बोलणारा माणूस. येडशीला त्याच्याशी कानडी बोलणारं कुणी नव्हतं. पाहुणे नसले की तो स्वतःशीच कानडीत बोले. पहिल्या वर्षी स्टेशनावरच्या हमालांना त्याचं हसू आलं, पुढं त्यांना सवय झाली.

१९४३ सालच्या दिवाळीनंतर रामलिंगाच्या रानात सीताफळं उतरवायला गेलेल्या बायकांवर अस्वल धावून आलं. एकीच्या खांद्याचं मांस निघालं. त्याच आठवड्यात छोट्या रेल्वेचे पूल तपासायला एक गोरा साहेब बंगल्यावर उतरला होता. त्याच्याकडे बंदूक होती आणि पूल तपासून झाले होते. पारध्यांनी रान उठवलं, साहेबानं दोन गोळ्या घातल्या आणि संध्याकाळी बैलगाडीतून अस्वल बंगल्याच्या अंगणात आलं. काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा. सीताफळं आणि मोहोळं खाऊन इतकं माजलेलं, की उतरवायला सहा माणसं लागली.

साहेबाला ते खायचं होतं. त्याच्या खानसाम्यानं सकाळी कानाला हात लावला. सुळे असलेलं जनावर आपल्याकडे हराम आहे, चाकरी गेली तरी हरकत नाही, पण याला हात लावणार नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं. साहेबानं ते ऐकून घेतलं. खानसामा चौदा वर्षांचा जुना होता, त्याची चाकरी जाणार नव्हती. मग साहेबाच्या दिमतीला दिलेला तहसीलचा कारकून, पेशकार, महांतप्पाकडे वळला.

महांतप्पानं आपण लिंगवंत आहोत, मांसाला शिवत नाही, असं सांगितलं. पेशकाराला ते ठाऊक होतं.

"खायला कोण सांगतंय तुला? शिजवायला सांगतोय," पेशकार म्हणाला. "नौकरी सरकारची करतोस का माकणीची?"

शिवगंगेचं लग्न ठरत आलं होतं, लोहाऱ्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. मुलीचा बाप सरकारी नोकरीत आहे, ही सोयरिकीतली एक मोठी गोष्ट होती. तो व्हय म्हणाला.

स्वयंपाकघरात मांस न्यायचं नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं. मागं लिंबाखाली तीन दगड मांडले, कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. मग त्यानं आंघोळ केली आणि आठव्या वर्षी दीक्षेत गळ्यात पडलेलं इष्टलिंग पहिल्यांदा गळ्यातून काढलं. मांसाच्या चुलीचा धूर त्याला लागू नये, एवढाच त्याचा विचार होता. ओल्या रेशमी फडक्यात गुंडाळून त्यानं ते आपल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं, पुढं बेलाचं पान ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

अस्वल कसं शिजवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मटणसुद्धा कधी शिजवलं नव्हतं. ज्या पारध्यानं कातडं सोललं त्याची बायको गजराबाई चुलीपासून चार हातांवर बसली. पेशकारानं तिला भांड्याला शिवायची मनाई केली होती. तिनं सांगायचं आणि महांतप्पानं करायचं.

"आदी चरबी काढ समदी," ती म्हणाली. "बोटभर ऱ्हायली तरी वास मारंल. हात आखडू नको, मेलंय ते."

त्यानं चरबी काढली. बोटाएवढा जाड, पिवळट थर, लोण्यासारखा सुरीला चिकटणारा. खालचं मांस गडद लाल, जाड धाग्यांचं. तीन पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ लावून पहिली उकळी काढली. वर तांबूस फेस आला. ते पाणी फेकायला तिनं लावलं. मग कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं आणि येसराचा मसाला. तिनं मुठीनं हवेत माप दाखवावं आणि त्यानं तेवढं टाकावं. लाकडं ओढून जाळ बारीक केला. हाडापासून मांस आपसूक सुटेपर्यंत झाकण हलवायचं नाही, ही तिची ताकीद.

मीठ बघायची वेळ आली तेव्हा दोघंही थांबले. तो चाखणार नव्हता, तिला भांड्याला हात लावायचा नव्हता. शेवटी त्यानं पळसाच्या पानावर पळीभर रस्सा ओतून पान जमिनीवर सरकवलं. तिनं बोट बुडवून चाटलं.

"मीठ लागंल. थोडं." मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "हात चांगलाय रे तुजा, अय्या. वाया गेला डाळीत."

त्या दिवसात तो तेवढा एकदाच हसला.

दिवेलागणीला साहेबानं ताटात चार तुकडे घेतले आणि दोन खाल्ले. मांस गोडसर लागतं, पण दातांना फार काम आहे, असं तो पेशकाराला म्हणाला. उरलेलं मडकं पारध्यांच्या पालावर गेलं आणि तिथं पुसून खाल्लं गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबाला बंदुकीला आणि बुटांना लावायला चरबी हवी होती. ती कढवून बाटल्यांत भरण्यात महांतप्पाचा तोही दिवस गेला. हाताचा वास राखेनं जाईना, चिंचेनं जाईना. अशा हातानं लिंग तळहातावर घेऊन पूजा कशी करायची, म्हणून दोन्ही दिवस त्यानं कोनाड्याला लांबून हात जोडले आणि शिळ्या भाकरीवर भागवलं. तिसऱ्या दिवशी साहेब गाडीत बसला. महांतप्पानं मडकं फोडलं, दगड उचलून टाकले, दोनदा आंघोळ केली आणि लिंग परत गळ्यात घातलं. आपण ते नीट सांभाळलं, असं त्याला वाटलं.

शिवरात्रीला तो माकणीला गेला तेव्हा अस्वल त्याच्या आधी पोचलं होतं. लोहाऱ्याच्या बाजारात कुणा चपराशानं सांगितलं होतं, की महांतप्पानं अस्वल रांधलं आणि साहेबाबरोबर खाल्लं. नागम्मानं त्याला पाणी दिलं ते ओसरीवर, लांबून. महालिंगप्पा त्याला विरुपाक्ष स्वामींकडे घेऊन गेला. स्वामी गावातल्या लिंगायतांचे गुरू. लग्न, बारसं, मौत, सगळं त्यांच्या हातून होई. ते मोठ्यानं बोलत नसत.

महांतप्पानं सगळं होतं तसं सांगितलं. खाल्लं नाही, मीठसुद्धा चाखलं नाही. आणि लिंगाला धूर लागू दिला नाही, आधीच काढून जपून ठेवलं होतं, हे त्यानं जरा जोर देऊन सांगितलं. आपली बाजू तिथं भक्कम आहे, अशी त्याची समजूत होती.

स्वामींनी अस्वलाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"किती दिवस काढलं होतंस?"

"दोन, अय्या."

"त्या दोन दिवसांत काय खाल्लंस?"

"भाकरी."

"पाणी?"

"व्हय. पाणीबी."

"नुसता भांड्याला हात लावला असतास, तर तुला आंघोळ घातली असती, विभूती लावली असती आणि पंगतीला बसवलं असतं," ते म्हणाले. "धुराचं काय, धूर मसणातबी असतो. तिथंबी आपुन ते अंगावरच ठेवतो. जित्या माणसानं लिंग काढून अन्न खाल्लं, त्याला मी काय घालू?"

वाट त्यांनी ठेवली होती. पुन्हा दीक्षा देईन, पण आधी ती चूल सोड. जिथं उद्या दुसरा साहेब दुसरं जनावर आणून टाकील तिथं राहून दीक्षा नाही. तोपर्यंत पंगत नाही, आपल्या लोकांनी त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही.

त्या संध्याकाळी नागम्मानं ओसरीवर त्याचं ताट वेगळं वाढलं आणि दाराच्या आत बसली. तिनं एकच विचारलं. "खाल्लं न्हाय म्हणता तर न्हाय. पन काढलंच का तुमी?" त्यानं धुराचं पुन्हा सांगितलं. सांगताना ते त्यालाच पटेना.

चैत्रात शिवगंगेचं लग्न झालं. लोहाऱ्याच्या माणसांनी सोयरीक मोडली नाही, फक्त मुलगी चुलत्यानं द्यावी म्हणाले. महांतप्पा आदल्या दिवशी लुगडं घेऊन आला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वऱ्हाड यायच्या आत परतला. नोकरी लग्नानंतर सोडायची, असं त्यानं ठरवलं होतं. लग्नानंतर त्याला कळेना, की सोडून जायचं तर कुठं. भावाच्या घरात पंगत नसलेला माणूस कोणत्या कोपऱ्यात बसणार? दीक्षा होईपर्यंत तरी कुणाकडे जेवणार? सोडल्याशिवाय दीक्षा नाही आणि दीक्षेशिवाय घर नाही. पुढच्या शिवरात्रीला जाऊ, असं म्हणत चार शिवरात्री गेल्या.

पूजा मात्र त्यानं चुकवली नाही. रोज आंघोळीनंतर लिंग तळहातावर घेई आणि मग खाई. नेम पाळणारा असा माणूस नेमाबाहेर कसा, असा प्रश्न विचारायला तिथं कुणी नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा गजराबाई सरपण घेऊन येई. एकदा तिनं सहज भाकरी मागितली. त्यानं दिली. तिनं समोर बसून खाल्ली. त्याच्या हातचं कुणी त्याच्यासमोर जेवलं असं त्या काळात एवढंच घडलं. अंमलदार जेवत, पण ते आतल्या खोलीत.

सेहेचाळीस साली नागम्मा तापाच्या साथीत गेली. निरोप चौथ्या दिवशी आला. तिला बसवून, हातात लिंग देऊन माती दिली होती. वेळेवर कळलं असतं तरी त्याला खड्ड्याजवळ उभं करतील का नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. निजामाचं राज्य घ्यायला भारताच्या लष्कराच्या गाड्या सोलापूरकडून आत शिरल्या, पेशकार कुठं गेला ते कळलं नाही आणि बंगल्यावर चार महिने कुणी उतरलं नाही. नंतर नव्या सरकारचा कागद आला, त्यात बंगल्याला यापुढं फक्त चौकीदार राहील असं लिहिलं होतं. स्वयंपाकघराला कुलूप लावायला सांगितलं होतं. महांतप्पानं ते स्वतः लावलं. त्याला सोडता आली नव्हती ती चूल सरकारनंच काढून घेतली होती. तो कागद कमरेला खोचून तो माकणीला गेला.

विरुपाक्ष स्वामींना आता कमी दिसत होतं. त्यांनी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, तिथी बघितली आणि सोमवारी दीक्षा दिली. महांतप्पाचं जुनंच लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं, कानात मंत्र सांगितला. सगळं मिळून एक सकाळ लागली. पाच वर्षं त्या एका सकाळसाठी गेली होती.

दुपारी पंगत बसली. शिवगंगा सासरहून आली होती आणि वाढत होती. हुग्गी होती, गव्हाची खीर, त्यावर तुपाची धार. महांतप्पाला ओळीच्या मध्ये बसवलं होतं. डावीकडच्या म्हाताऱ्यानं पत्रावळ थोडी आपल्याकडे ओढून घेतली. उजवीकडे बसलेल्या पाव्हण्यानं हसत विचारलं, "आता झालंच न्हवं सारं. सांगा की मामा, कसं लागतंय अस्वल?"

"म्या खाल्लं न्हाय," महांतप्पा म्हणाला.

"असूं द्या, असूं द्या," पाव्हणा म्हणाला आणि ओळीत दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. अपराध माफ झाला होता, त्यामुळं आता तो केलाच नव्हता असं म्हणायची गरज कुणालाच दिसत नव्हती.

शिवगंगा ताक घेऊन त्याच्यापुढं वाकली. पदर डोक्यावर, आवाज एवढा खाली, की शेजाऱ्याला ऐकू गेला नसावा.

"अप्पा, खरंच न्हाय खाल्लं?"

"न्हाय गं."

"बरं," ती म्हणाली. तिनं वाटी काठोकाठ भरली आणि पुढच्या पत्रावळीकडे गेली. तिला पटलं का नाही, हे त्यानं तिच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न केला. ओळ लांब होती आणि ती वाढत वाढत शेवटपर्यंत गेली.

तीन दिवसांनी तो येडशीला परतला. चौकीदाराची जागा त्याचीच होती. महालिंगप्पानं राहायचा आग्रह केला होता, अगदी मनापासून. पण माकणीत तो अस्वल खाऊन माफ झालेला माणूस होता.