अमानतीचा गडवा

“पाणी बघू,” एवढंच म्हणायचे चाचा. भाडेकरू खोली सोडून चालला की बाकी काही न्हाई. भिंतीला किती खिळे ठोकले ते बघायचे न्हाईत, दाराची कडी हलवायचे न्हाईत. उंबऱ्यात उभं राहून रिकाम्या खोलीत एकदा मान फिरवायची, बोट ओठावर ठेवायचं, आन् हळूच, “पाणी बघू.”

मी वसमतला हळदीच्या आडतीवर तोलाईला होतो तेव्हाचं सांगतो. चार-पाच वर्षं झाली असतील. नवं लग्न, नवं बिऱ्हाड. चाचा आमचे घरमालक. धंदा कल्हईचा. अंगणात त्यांची भट्टी, समोर ओळीनं तीन खोल्या, तिन्ही भाड्यानं दिलेल्या. अंगाला कायम नवसागराचा वास. आता ते तिथं न्हाईत. मधी मी गेलो तर भट्टी मोडलेली, दाराला कुलूप. कुठं गेले विचारलं तर एकानं एक गाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. म्हणून म्हटलं लिहून टाकावं, न्हाई तर उद्या मलाच खोटं वाटंल.

तर चाचांची पहिली गंमत ही, की ते अनामत पैशात घ्यायचेच न्हाईत. म्हणायचे, “पैसा दिला की माणूस विसरतो. रोज हाताला लागतं असं भांडं द्या. रोज याद येती, मंग खोली जपून वापरता.” आमी बायकोचा तांब्याचा गडवा दिला. तिच्या आईनं लग्नात दिलेला, आन् आई तोवर गेलेली. देताना बायकोचा हात सुटंना.

“परत मिळंल ना, चाचा?”

“तुझी अमानत हाय बेटी. पाणी बराबर निघालं की कल्हई करून देतो.”

पाणी बराबर म्हंजे काय, ते आमाला शेजारच्या खोलीतल्या दर्ज्यानं सांगितलं. खोली सोडायच्या आदल्या सकाळी सगळं सामान बाहेर काढायचं. भुई सारवायची. वाळली की मधोमध चाचा एक कटोरा ठेवणार, काठोकाठ भरून. दार लावून कुलूप, आन् किल्ली भाडेकरूच्याच हातात. दुसऱ्या दिवशी उघडायचं. पाणी होतं तसं असंल तर भांडं परत. कमी झालं असंल तर तुमचं कुणीतरी आत राहिलंय. त्याला घेऊन जा, मंग भांडं न्या.

मी लई हसलो. दर्जी हसला न्हाई. सुई दातात धरून म्हणाला, “तुमच्या आधीचा चपराशी बी असाच हसला होता. त्याचं पाणी बोटभर उतरलं. चाचा म्हणाले, तुमचे वडील खाटेवर बसून राहिलेत. वडील त्याच खोलीत वारलेले. चपराशी म्हणाला, बसू द्या, जिते होते तवाबी उठत नव्हते. आन् गेला निघून.”

त्या चपराश्याचं पितळी ताट चाचांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं मी रोज बघायचो. दर शुक्रवारी चाचा ते चिंचेनं घासायचे. मी एकदा विचारलं, “आता कोण येणार हाय त्याच्यासाठी?”

“यायला काय वेळ लागतो,” चाचा म्हणाले. मला वाटलं चपराश्याबद्दल बोलून राहिले. पण बघत होते आमच्या खोलीच्या दाराकडं.

त्या खोलीत आमाला पोरगी झाली. नऊ दिवस जगली.

तेवढंच लिहितो. बायको त्यानंतर खोलीत टिकंना. मला हिंगोलीला जिनिंगमधी काम मिळालं, मी लगेच हो म्हटलं. सामान काढलं, भुई सारवली. चाचांनी कटोरा ठेवला, पाणी काठाला टेकलं, एक थेंब टाकला असता तर सांडलं असतं. कुलूप मी लावलं. किल्ली माझ्या जानव्याला बांधली. रात्री आमी दर्ज्याच्या ओसरीवर झोपलो.

सकाळी दार उघडलं. सारवलेल्या भुईवर पाऊल न्हाई, रेघ न्हाई. पाणी चांगलं दोन बोटं उतरलेलं.

मी भडकलोच. “चाचा, चैताचं ऊन हाय. आटलं असंल. उंदीर पिऊन गेला असंल.”

“उंदीर पिला तर लेंडी टाकतो,” चाचा म्हणाले. “आटलं तर सगळ्या काठानं सारखं आटतं. तू हात लावून बघ.”

मी बोट फिरवलं. काठ सगळीकडं कोरडा, ठणठणीत. एकाच जागी ओला. जागा केवढी, माझ्या नखाएवढी.

“आमची गाडी दुपारची हाय,” मी म्हणालो. “गडवा द्या. न्हाई तर मी कचेरीत जातो.”

“जा की बेटा. गडवा इथंच हाय, मी इथंच हाय.” मंग ते माझ्याकडं बघायचं सोडून बायकोला म्हणाले, “बेटी, हाक मार तिला.”

बायको भिंतीला टेकून उभी होती. “काय म्हणून हाक मारू? बाराव्या दिवशी नाव ठेवतात. बारावा दिवस आलाच न्हाई.”

आमच्यात तसंच. बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव द्यायचं न्हाई, काढायचं बी न्हाई. माझ्या आईनंच सांगितलं होतं मला, आन् मी बायकोला. एकदा ती काहीतरी पुटपुटायला लागली तर मीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

“आईनं ठेवलेलं असतं,” चाचा म्हणाले. “लोकांना सांगायचं राहिलेलं असतं. बेटा, तू बाहेर ये.”

आमी दोघं भट्टीपाशी उभे राहिलो. आतून बायकोचा आवाज, लई हळू. नाव मला ऐकू आलं न्हाई. पुढचं आलं. “चल. ऊन लागंल, डोकं झाक. अशी काहून करती. आपल्याला जायचंय न्हवं.” मधी मधी ती थांबायची, जसं कुणी उत्तर देऊन राहिलंय.

ती बाहेर आली तेव्हा पदर खांद्यावरून पुढं ओढलेला, डावा हात पदराखाली वाकलेला, कंबर थोडी एका अंगाला. पोट दुखतंय का म्हणून मी विचारणार होतो. चाचांनी माझा दंड धरला.

गडवा त्यांनी आणून दिला तो मलाच. आतून कल्हई केलेला, चांदीसारखा. बायकोनं हात पुढं केला न्हाई. तिचा हात मोकळा नव्हता.

टेशनाला जायला बैलगाडी आली. बायको चढून बसली. तिच्या डाव्या बाजूला जागा होती, मी तिथं गाठोडं टाकायला गेलो तर चाचांनी ते माझ्या हातातून काढून मागं ठेवलं. गाडीवाल्याला म्हणाले, “खड्डे बघून चालव.”

गाडी निघाली. मी पुढं बसलेलो. मागं वळलो तर चाचा चालून राहिले होते, बायकोच्या डाव्या अंगाला, जिथं कुणी बसलेलं न्हवतं तिथं. धाप लागलेली, टोपी घामानं भिजलेली. वेशीपर्यंत ते तसेच आले, गाडीच्या काठावर हात आडवा धरून, लेकरू खाली पडू नये म्हणून धरतात तसा.