बाईंचा खड्डा आम्ही सारवला

बाईंचं करिअर आम्ही पाच बायकांनी शेणानं बुडवलं.

आज धुळ्यात बाई वारल्या. रडू यायच्या आधी मला त्यांचा रागच आला.

साठ-सत्तरच्या दशकात खानदेशात स्वतः उत्खनन चालवणारी, माझ्या माहितीतली पहिली बाई. पारोळ्याजवळ आमच्या गावाबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड होतं, ते खणत होत्या.

मी मॅट्रिक नापास. त्यांच्याकडे मातीच्या पाट्या वाहायचे. त्यांनी मला थर ओळखायला शिकवलं. खड्ड्याच्या भिंतीत खाली राख, वर जमीन, पुन्हा राख. बाई म्हणायच्या, "सगळं या भिंतीत आहे. भिंत गेली की आपण आंधळे."

पुढच्या वर्षाची परमिशन द्यायची की नाही, ते ठरवायला पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब येणार होते. बाई त्यांना आणायला जळगावला गेल्या. जाताना म्हणाल्या, "खड्डा स्वच्छ ठेवा गं."

आमच्यातली अक्का लगेच पदर खोचून उभी. "सायेब येनार शे. बठ्ठं सारवी टाकूत!"

पाहुणा येणार म्हणजे सगळं सारवायचंच. तळ सारवला, चारी भिंती सारवल्या, वर रांगोळी काढली. मला थर कळत होते, तरी मीही हात घातला. काय म्हणावं या अकलेला!

साहेब जीपमधून उतरले आणि हसले. "मॅडम, हे उत्खनन आहे की अंगण?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "दोन तास द्या, बोटभर खरवडते. थर दिसतील."

साहेबांना भुसावळहून गाडी गाठायची होती. "हे केलं कुणी?"

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

झालं! परमिशन गेली.

मी भांडले. "आमचं नाव का नाही घेतलं? आमची रोजंदारीच गेली असती ना?"

"मूर्ख मुली, तुला थर ओळखता येतात. तुझं नाव तिथं खराब करू?"

मग माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. त्याच खात्यात मी नोकरीला लागले, जन्मभर खड्ड्यांत उतरले.

बाई कॉलेजात इतिहास शिकवत राहिल्या. दरवर्षी अर्ज करायच्या. दरवर्षी नकार. साहेबाला खरं सांगा म्हटलं की विषय बदलायच्या. असला हट्ट!

माझ्या रिटायरमेंटला आल्या आणि म्हणाल्या, "छान काम केलंस."

तेव्हा मी नुसता नमस्कार केला. आज सांगते.

ते काम तुमचं होतं, बाई.

माझा शेवटचा नमस्कार घ्या.